दगडावरचा १९५७ : कापसाच्या एका जुन्या पेढीचे प्रकरण

पार्श्वभूमी

वऱ्हाडातल्या एका तालुक्याच्या गावी, बाजाराच्या मुख्य रस्त्यावर कापसाच्या अडतीची एक जुनी दुमजली इमारत आहे. गावाचे, पेढीचे आणि माणसांचे नाव इथे मुद्दाम दिलेले नाही, आणि ओळख पटेल असे दोन-तीन तपशील बदलले आहेत.

रस्त्याला लागून उंच दगडी ओटा, त्यामागे सहा गाळे, गाळ्यांच्या मागे लांबलचक गोदाम. मधून सागवानी जिना वर माडीवर जातो. माडीवर पेढीची गादी होती. भिंती खाली काळ्या दगडाच्या, वर विटांच्या, सगळे काम चुन्यात. छपरावर इंग्रजी कवेलू. रस्त्याच्या बाजूला लोखंडी तुळयांवर पेललेला सज्जा, आणि मधल्या दाराच्या माथ्यावर एक कोरीव दगड. या दगडाने पुढे बरीच पंचाईत केली.

अशी इमारत इथे का उभी राहिली, हे कळायला कापसाकडे पाहावे लागते. १८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी चालली, तिथला कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर इकडे वळली. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोहोचली, १८७० साली खामगावला खास कापसासाठी फाटा निघाला. कारंज्याला १८८६ साली नियमन केलेला बाजार सुरू झाला, तर १८९७ साली कापूस आणि धान्य बाजारांचा कायदाच वऱ्हाडासाठी झाला. या सगळ्या साखळीत शेतकरी आणि खरेदीदार यांच्या मधे अडत्या होता. तो माल उतरवून घेई, मापाऱ्याकडून मोजून घेई, उचल देई आणि अडत कापून घेई. त्याला ओटा लागे गाड्या लावायला, गोदाम लागे माल ठेवायला आणि माडी लागे हिशेबाला. इमारतीचा आराखडा म्हणजे हाच धंदा, दगडविटांत मांडलेला.

हा धंदा थांबल्याची तारीख मात्र अगदी स्पष्ट आहे. १९७१च्या कायद्याने कापूस एकाधिकार खरेदी आली आणि १९७२च्या हंगामापासून ती लागू झाली. कापूस फक्त सरकारी खरेदी केंद्रावर विकायचा म्हटल्यावर खासगी अडत्याला काही कामच उरले नाही. पेढीने वर्षभरातच ओट्यामागचा मोकळा भाग अर्ध्या विटेच्या भिंती घालून गाळ्यांत वाटला आणि भाड्याने दिला. शिंपी, भांड्यांचे दुकान, घड्याळवाला असे भाडेकरू आले. आज तिथे मोबाइल दुरुस्तीही आहे.

अडचण काय होती

एका उन्हाळ्यात सज्जाचा गिलावा रस्त्यावर पडला. कुणाला लागले नाही. पावसाळ्याच्या तोंडावर नगरपरिषदेने धोकादायक इमारत म्हणून नोटीस लावली. मालकी वारसांच्या चार शाखांत विभागलेली होती. तीन शाखा बाहेरगावी. गावात राहणारे एकच, सत्तरी ओलांडलेले. सगळे त्यांना काकाजी म्हणतात.

नोटिशीनंतर इमारतीचे वय हा वादाचा विषय झाला. आधी कुणाला त्याचे काही पडले नव्हते.

बाहेरगावच्या वारसांच्या वकिलांनी उत्तरात लिहिले की इमारत दीडशे वर्षांची असून दुरुस्तीपलीकडे गेली आहे. यामागचा हिशेब सरळ होता. पालिकेच्या आदेशाने पाडायची इमारत हे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ खाली भाडेकरूकडून ताबा मागण्याचे एक कारण आहे. भाडेकरू म्हणत होते, इमारत १९५७ची आहे, अजून पन्नास वर्षे काही होत नाही. त्यांच्यातले सर्वांत जुने भाडेकरू आम्हाला दगडाकडे बोट दाखवून म्हणाले, "लिहेलं हाय ना भाऊ वर. आता दगड खोटा बोलते का?" काकाजींचे तिसरेच. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले होते की छप्पनच्या दुष्काळात लोकांच्या हाताला काम मिळावे म्हणून पणजोबांनी ही इमारत बांधली. त्यांना ती पाडायची नव्हती.

म्हणजे ज्याला जेवढे वय सोयीचे, तेवढे त्याने इमारतीला दिले होते.

मुख्याधिकाऱ्यांनी कर आकारणीची नोंदवही पाहिली, तर तिथेही बांधकामाचे वर्ष १९५७. स्ट्रक्चरल ऑडिटच्या अर्जावर हेच वर्ष चढले. अशा वेळी आम्हा तिघांना, म्हणजे एक निवृत्त इतिहास शिक्षक, एक स्थापत्य अभियंता आणि जुने दस्त वाचण्याची खोड असलेला मी, यांना सांगण्यात आले की इमारतीचा दोन पानी इतिहास लिहून द्या. मुदत तीन आठवडे. आम्हाला वाटले, आठ दिवसांत होईल.

कागद आणि दगड

पहिला धागा दगडच होता. त्यावर ऑइल पेंटचे कितीतरी थर होते आणि दोन्ही बाजू दुकानाच्या फलकाखाली झाकल्या होत्या. मधे दिसत होता तो फक्त आकडा. फलक काढून रंग उतरवला तेव्हा आकड्याच्या आधी "संवत्" निघाले आणि नंतर "वैसाख सुदि ३". मराठी घरातला दगड असता तर शके आणि वैशाख शुद्ध असते. सुदि म्हटले की मारवाडी किंवा गुजराती हात. पेढी मूळची मारवाडातून आलेल्या कुटुंबाची, त्यामुळे हे जुळत होते. विक्रम संवतातून ५७ वजा केले की साधारणपणे इसवी सन येतो. १९५७ वजा ५७ बरोबर १९००. इमारत एका वजाबाकीत ५७ वर्षांनी म्हातारी झाली.

नोंदवहीतल्या १९५७ चा उलगडाही इथेच झाला. आकारणी करणाऱ्याने दारात उभे राहून दगड वाचला असणार, दुसरे काय. नगरपरिषदेच्या जुन्या कपाटात १९३०च्या दशकातली आकारणी वही सापडली. तिच्यात तोच घर क्रमांक, तीच पेढी, "दुमजली, पक्की" असा शेरा. तिला वीस वर्षे कुणी उघडले नव्हते. भाडेकरूंचा १९५७ इथे संपला.

वकिलांचे दीडशे वर्षे लोखंडाने संपवले, निदान सज्जापुरते. अभियंता मित्राने सज्जाच्या तुळया घासून पाहिल्या, तर लोखंडात उठावाने टाटांचे नाव. टाटांच्या जमशेदपूरच्या कारखान्यात पोलाद निघू लागले १९१२ साली, म्हणजे सज्जा त्यानंतरचा. माडीच्या आतल्या तुळयांवर मात्र डॉर्मन लाँग, मिडल्सब्रो, इंग्लंड. ही कंपनी १८७५ नंतरची. कवेलूंच्या पाठीवर बासेल मिशनचा शिक्का होता. हा शिक्का पहिल्या महायुद्धापर्यंतच्या मालावर येतो, कारण त्यानंतर मिशनचे कारखाने दुसऱ्या कंपनीकडे गेले. पण कवेलू उतरवून दुसऱ्या छपरावर चढतात, हे गावातला कुठलाही गवंडी सांगेल. म्हणून कवेलूंना आम्ही पुरावा न म्हणता फक्त सुसंगत गोष्ट मानले. चुन्याचेही तसेच. भारतात सिमेंटचे नियमित उत्पादन १९१४ साली पोरबंदरला सुरू झाले, आणि लहान गावांत चुन्याचे काम त्यानंतरही बराच काळ चालू राहिले.

इतके हाती आल्यावर थांबता आले असते. संवत १९५७, सज्जा नंतरचा, विषय संपला. पण काकाजींच्या दुष्काळाचे काय?

एक वर्ष, चार अर्थ

छप्पनचा दुष्काळ म्हणजे संवत १९५६चा. १८९९चा पाऊस गेला आणि १९००च्या पावसाळ्यापर्यंत हाल चालले. वऱ्हाडाला त्याची झळ मोठी होती. आता दगडावर वैशाख शुद्ध तृतीया, म्हणजे अक्षय तृतीया, संवत १९५७. मारवाडी पंचांगात संवत चैत्रात बदलतो. तसे धरले तर ही तिथी १९००च्या मेच्या पहिल्या आठवड्यात येते, दुष्काळाच्या ऐन पोटात. गुजराती पद्धतीने संवत कार्तिकात, दिवाळीनंतर बदलतो. तसे धरले तर तीच तिथी एप्रिल १९०१ मधली, म्हणजे चांगला पाऊस होऊन गेल्यावरची. पेढीचा वहीपूजनाचा हिशेब दिवाळीचा होता, त्यामुळे कुटुंब मारवाडी म्हणून चैत्रच, असे डोळे मिटून म्हणता येईना. त्यात अक्षय तृतीयेला लोक पायाही घालतात आणि वास्तूही करतात. दोन वर्षे आणि दोन मुहूर्त, म्हणजे चार शक्यता. त्यातल्या एकीत पणजोबा दुष्काळात लोकांना काम देणारे ठरतात, तर दुसरीत दुष्काळ सरल्यावर इमारत सुरू करणारे.

वार कळला असता तर वर्ष तरी ठरले असते. एकच तिथी दोन वर्षांत वेगळ्या वारी पडते, जुने पंचांग उघडले की काम झाले. दगडावर तिथीनंतर वार कोरलेला होताच. नेमका त्याच अक्षरांतून फलकाचा बोल्ट आरपार ठोकला होता.

मग वह्या. काकाजींच्या माडीवर लाल कापडात बांधलेल्या दोन वह्या उरल्या होत्या, बाकीच्या कधीतरी रद्दीत गेल्या. लिपी महाजनी, काना-मात्रांशिवायची. "काकाजी अजमेर गया" लिहिले तर "काकाजी आज मर गया" वाचले जाते, असा या लिपीचा जुना विनोद आहे. आमच्या काकाजींनी तो आम्हाला स्वतःच सांगितला. वाचणारा माणूस शोधण्यात दहा दिवस गेले. एका वहीत चुना, वीट, सुतार, गाडीभाडे अशा रकमा निघाल्या, पण त्या कोणत्या संवताच्या, ते ज्या पहिल्या पानावर असायचे ते पान नव्हते. दुसरी वही अजून पुरती वाचून झालेली नाही.

त्याच सुमारास दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातून जुन्या दस्ताची नक्कल आली. मोडीतली. आम्हाला हवा होता जागेचा मूळ व्यवहार, आणि तो होता १८९६-९७च्या दुष्काळानंतरच्या वर्षातला. दस्त मुदतखरेदीचा. जागा एका शेतकरी कुटुंबाची, रक्कम उचल म्हणून घेतलेली, ठरल्या मुदतीत परत केली तर जागा परत, नाही तर खरेदी कायम. मुदतीत रक्कम परत झाली नाही. त्या कुटुंबाचे वंशज आजही त्याच गावात राहतात, इमारतीपासून चालत पाच मिनिटांवर.

कागदोपत्री त्यात बेकायदा काही नव्हते. वऱ्हाडात त्या काळी असे दस्त पैशापासरी झाले. पण दुष्काळात काम देणारी इमारत आणि दुष्काळात गेलेली जागा, या दोन गोष्टी एकाच टिपणात शेजारी आल्या की वाचणारा काय म्हणेल, हे आम्हाला कळत होते.

समोरचे पर्याय

इमारतीबद्दल बोलायचे तर तीन पर्याय मांडले गेले. सगळे पाडून कॉम्प्लेक्स, हे बाहेरच्या वारसांना हवे होते. नुसता दर्शनी भाग ठेवून मागे नवे काम, हे मुख्याधिकाऱ्यांना सुचले. तिसरा, भाडेकरू ठेवून दुरुस्ती. वारसा यादीचा मार्गही निघाला होता. २०२०च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत वारसा इमारतींची तरतूद आहे, पण आधी यादी हवी, आणि या गावाची यादी झालेली नव्हती. नोटिशीची मुदत यादीसाठी थांबणार नव्हती. तो पर्याय आम्ही एका बैठकीत बाजूला ठेवला.

टिपणाबद्दलचा निर्णय याहून अवघड गेला. शिक्षक मित्राचे म्हणणे, दस्त लिहू नये. आपल्याला इमारतीचे वय विचारले आहे, जागा कुणाची होती हे नाही. अभियंता म्हणाला, लिहायचेच तर नावानिशी लिहा, नक्कल कुणालाही मिळते. मला दोन्ही पटत नव्हते. दस्त वगळला तर आम्हीही काकाजींना सोयीचे तेवढेच सांगणारे ठरतो. नावानिशी लिहिला तर सव्वाशे वर्षांपूर्वीचे देणे आजच्या दोन घरांच्या दारात आणून टाकतो. त्यावर कायद्याने आता काही होणार नाही, पण गाव लहान आहे.

एक सोपी पळवाटही होती, ती नमूद करतो. काकाजींना आवडेल ते वर्ष, मे १९००, लिहून मोकळे व्हायचे. कुणी तपासणार नव्हते. शिवाय इमारत वाचावी असे आम्हालाही वाटत होते आणि दुष्काळाच्या कथेने ती वाचायला मदत झाली असती. दोन दिवस आम्ही याच बाजूने झुकलो होतो.

काय केले

टिपणात वर्ष "संवत १९५७, म्हणजे इ.स. १९००-०१" एवढेच लिहिले. चैत्री आणि कार्तिकी संवताचा फरक एका परिच्छेदात समजावला. दुष्काळातल्या कामाची गोष्ट "कुटुंबात सांगितली जाणारी आठवण" या शब्दांत ठेवली. सज्जा १९१२ नंतरचा, हे तुळयांच्या फोटोसह दाखवले, कारण त्याचा दुरुस्तीशी थेट संबंध होता. पडले ते नंतर जोडलेले काम होते, मूळ भिंती नव्हत्या.

दस्ताबद्दल "ही जागा मुदतखरेदीने एका स्थानिक शेतकरी कुटुंबाकडून पेढीकडे आली" असे एक वाक्य, नावाशिवाय. टिपण देण्यापूर्वी हे वाक्य दोन्ही घरी जाऊन वाचून दाखवले. त्या शेतकरी घरातल्या आजींनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "मले सासूनं सांगतलं होतं. कागद हाय हे मालूम नव्हतं." त्यांनी नक्कल मागितली, आम्ही अर्ज कसा करायचा ते सांगितले. काकाजी मात्र बराच वेळ गप्प बसले. मग त्यांनी विचारले की आठवण हा शब्द काढून "परंपरेने ज्ञात" असे लिहिता येईल का. आम्ही नाही म्हणालो. त्यानंतर महिनाभर त्यांनी आमच्याशी बोलणे टाकले.

अभियंत्याने ऑडिटच्या अर्जावरचे वर्ष बदलून घेतले. हा बदल वाटतो त्याहून महत्त्वाचा ठरला. चुन्यातल्या जाड भिंतीची तपासणी आणि दुरुस्ती सिमेंट-सळईच्या बांधकामासारखी करायची नसते. आधी ठरलेला सिमेंटचा गिलावा तसाच चढवला असता तर आतला ओलावा बाहेर पडायला वाट उरली नसती.

परिणाम

निर्णय झाला तो कुणालाच पुरता आवडला नाही. मागच्या गोदामाची भिंत खरोखर फुगलेली होती, ते उतरवले. सज्जा काढून पुन्हा त्याच तुळयांवर बसवला, दोन तुळया बदलाव्या लागल्या. पुढचा भाग आणि माडी चुन्यात दुरुस्त झाली. खर्चाच्या वाटणीवरून वारसांत अजून बोलाचाली आहे. सहापैकी दोन भाडेकरू काम चालू असताना दुसरीकडे गेले आणि परत आले नाहीत. गोदामाची जागा विकायची की नाही, यावर चार शाखांचे एकमत झालेले नाही.

दारावरच्या दगडाशेजारी एक छोटी पाटी लागली. पाटीवर दोन्ही सन आहेत. काकाजींनी ती लावताना स्वतः शिडी धरली.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत मोठी चूक पहिल्याच दिवशी झाली. दगड दिसताच आम्ही उत्साहात तारेच्या ब्रशने रंग खरवडायला लावला. "संवत्" निघाले खरे, पण बोल्टच्या भोवती वाराच्या अक्षरांच्या ज्या कडा उरल्या होत्या त्याही गेल्या. आधी फोटो, तिरप्या उजेडात आणखी फोटो, कागद लावून ठसा, आणि मग रंग मऊ करून हळूहळू. हे सगळे आम्हाला माहीत होते. घाई नोटिशीची होती, असे स्वतःला सांगत राहिलो, पण त्या दिवशी तरी नोटिशीला तीन आठवडे बाकी होते.

दुसरे, पेढीत काम केलेले एक वयस्क हमाल गावात होते. पहिल्या भेटीत ते गाठींच्या वजनाबद्दल आणि गादीवर कोण बसे याबद्दल बोलले. आम्ही नुसते ऐकले, फोनवर रेकॉर्ड केले नाही. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा ते दवाखान्यात होते, तिसऱ्यांदा घरी तेरावे चालू होते. पेढी बंद होताना माल कुठे गेला आणि वह्या कुणी विकल्या, हे सांगू शकणारे दुसरे कुणी नाही.

कामाचा क्रमही चुकला. आम्ही दगडापासून सुरू करून दस्ताकडे गेलो. उलट केले असते, म्हणजे आधी निबंधकाची सूची, नझूल शीट (गावातल्या जागांचा सरकारी मोजणी नकाशा) आणि जुन्या आकारणी वह्या, तर पहिला आठवडा वाचला असता आणि आजींकडे व काकाजींकडे आधीच, निवांतपणे जाता आले असते. मुदतीच्या चार दिवस आधी दारात जाऊन असे वाक्य वाचून दाखवणे बरे नव्हते. नझूल शीट तर आम्ही इतकी उशिरा काढली की पुढच्या ओट्याचा एक हात सरकारी जागेवर आहे, हे काम सुरू झाल्यावर कळले. त्याची वेगळी फाईल आता चालू आहे.

नावाशिवाय एकच वाक्य लिहिण्याचा निर्णय मी आजही तसाच घेईन. अभियंता मित्राला तो अजून मान्य नाही, आणि त्याचे म्हणणे पूर्ण चूक आहे असे मला म्हणवत नाही.

आकारणी नोंदवहीतले वर्ष बदलण्याचा अर्ज आम्ही टिपणासोबतच दिला होता. यंदाच्या मालमत्ता करनोंदीतही बांधकामाचे वर्ष १९५७ आहे.